परदेशी निघालेल्या नव्या वास्तुविशारदास

जळगावहून ब्रिटनला जाण्याचा तुमचा विचार योग्यच आहे. मात्र भारतातील वास्तुविशारद परिषदेची नोंदणी तिकडे आपोआप लागू होत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. १९९७ च्या तेथील कायद्यानुसार आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डाकडे नाव नोंदवल्याखेरीज 'आर्किटेक्ट' म्हणून व्यवसाय करता येत नाही. त्यामुळे आरंभी सहायकाचे पद मिळेल आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

पोर्टफोलिओत चकचकीत त्रिमितीय चित्रांची गर्दी करू नये (ती सगळ्यांकडेच असतात). त्याऐवजी यावल-चोपड्याकडचे एखादे धाब्याचे (मातीच्या सपाट छपराचे) घर स्वतः फीत धरून मोजावे, आणि लाकडी कड्या, त्यांवरील मातीचा जाड थर व पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकणारी पन्हाळ १:२० प्रमाणाच्या छेदात (उभा काप दाखवणाऱ्या रेखाटनात) दाखवावी. वैशाखातले ऊन त्या मातीतून आत पोहोचायला संध्याकाळ का होते, हे ज्याला रेखाटून समजावता येते, त्याला बांधकाम कळते, असे माझे मत आहे. तिकडे प्रश्न उलटा असतो: ऊब आत राखायची आणि भिंतीत ओल साचू द्यायची नाही.

उष्णतारोधक साहित्य निवडताना ते आगीत कसे वागते हेही तपासावे लागते. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला २०१७ मध्ये लागलेल्या आगीत ७२ माणसे दगावली, आणि त्यानंतर आलेल्या २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्टमुळे आराखडा करणाऱ्याची जबाबदारी बरीच वाढली. तेव्हा तिकडच्या बांधकाम नियमावलीचा अग्निसुरक्षेचा भाग निघण्यापूर्वीच वाचून काढावा, आणि विद्यापीठातून सर्व वर्षांची गुणपत्रके साक्षांकित करून घ्यावीत.