नॉर्मल एमआरआय आणि नवऱ्याचा प्रश्न

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

नालासोपाऱ्याहून आलेल्या, नैराश्य असलेल्या बाईंच्या नवऱ्याला तू म्हणालीस, ‘हिच्या मेंदूतली सर्किट बिघडलीयेत.’ पुढच्या ओपीडीला तो पदरमोड करून काढलेला एमआरआय घेऊन हजर. रिपोर्ट नॉर्मल. ‘म्हणजे हिला काही झालेलंच नाही ना?’ त्याचं काय चुकलं? सर्किट म्हटलं की माणूस वायरमनच शोधणार.

आता तुझ्यापुरतं. कपाळामागे खोलवर असलेला मेंदूचा एक भाग, सबजेन्युअल सिंग्युलेट, घे. १९९७ साली संशोधक ड्रेव्हेट्स आणि सहकाऱ्यांना नैराश्यात तिथलं काम मंदावलेलं दिसलं. दोनच वर्षांनी मेंदूतज्ज्ञ हेलन मेबर्ग यांच्या गटाला दुःखाच्या वेळी तोच भाग जास्त पेटलेला दिसला. तो भाग आकारानेच लहान झाल्यामुळे मोजणीत कमी भरत असावा, असा खुलासा पुढे आला. २००५ मध्ये मेबर्ग यांनी टोरंटोत तिथेच इलेक्ट्रोड, म्हणजे यंत्रातून वीज देणाऱ्या बारीक तारा, बसवले; कशालाच दाद न देणाऱ्या सहा रुग्णांपैकी चौघं सहा महिन्यांनंतरही सुधारलेली होती. आपण सगळे हरखलो. मग मोठी चाचणी झाली, काहींचं यंत्र मुद्दाम बंद ठेवून. २०१७ मध्ये तिचा निकाल छापून आला: सहा महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नाही.

म्हणून सर्किट खोटी ठरत नाहीत. टीएमएसची, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकाचे ठोके देण्याच्या उपचाराची, कॉइल डाव्या कपाळावर ठेवताना आपण अंगठा हलवणाऱ्या जागेपासून पाच सेंटिमीटर पुढे मोजायचो. शिंप्याचा टेपच म्हण ना! २०१२ साली फॉक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्या जागेची हालचाल सबजेन्युअलच्या नेमकी उलट चालते, तिथे गुण जास्त येतो. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण इथे नकाशा उपचाराच्या कामी आला. पण हे सगळं गटांच्या सरासरीतून निघालेलं आहे. एका बाईची फिल्म दिव्यासमोर धरून नैराश्य आहे की नाही, हे तुलाही सांगता येणार नाही आणि मलाही. एमआरआय आपण गाठ, रक्तस्राव, जुना मार असलं काही सुटू नये म्हणून काढतो.

नवऱ्याला एवढंच सांग: ‘गाठबिठ नाही, हे चांगलं झालं. हा आजार फोटोत दिसत नाही; झोप, भूक, कामात मन न लागणं यांवरून ओळखतात. तिचा आजार खरा आहे.’ थायरॉइड आणि बी-१२ पाहिलंस का? त्यांच्या बिघाडानेही असं वाटू शकतं. एमआरआयपेक्षा स्वस्त असतं ते.

आणखी एक. पुढच्या खेपेला नवऱ्याला थोडा वेळ बाहेर बसव आणि मरणाचे विचार येतात का, हे तिला सरळ विचार. चार पानांच्या तुझ्या पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही.

तुझे सर