१९६८ च्या शेव्हरोले सी-१० पिकअपची पुढची बाजू दोन-अडीच इंच खाली घ्यायची आहे. स्प्रिंग कापू की ड्रॉप स्पिंडल लावू?

ड्रॉप स्पिंडलच लावा, स्प्रिंगला ग्राइंडर लावू नका. स्पिंडल म्हणजे पुढचं चाक ज्यावर बसतं तो भाग; ड्रॉप स्पिंडलमध्ये चाकाचा आस मुळातच वर सरकवलेला असतो. त्यामुळे गाडी साधारण अडीच इंच खाली येते, पण स्प्रिंग आणि कंट्रोल आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे दांडे) जागचे हलत नाहीत. स्प्रिंग कापली की ती कडक होते, आर्म बंप स्टॉपच्या (आर्मला शेवटी अडवणाऱ्या रबराच्या) जवळ येतो आणि गाडी खड्ड्याखड्ड्यात आपटते. जुन्या गाड्यांच्या सस्पेन्शनचंच काम करतो, म्हणून ठामपणे सांगतोय.

एक अडचण मात्र आहे. १९७० पर्यंतच्या सी-१० ला पुढे ड्रम ब्रेक होते आणि बाजारातले बहुतेक ड्रॉप स्पिंडल डिस्कसाठीचे असतात, तेव्हा ब्रेक बदलायचा खर्चही धरा. (तसाही तो बदललेला बरा.)

मागे कॉइल स्प्रिंग असतील आणि तिथेही गाडी खाली घेणार असाल, तर पॅनहार्ड रॉड (मागच्या अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) अ‍ॅडजस्टेबल घ्या. नाहीतर अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो आणि एकीकडचा टायर फेंडरच्या कडेला आलेला दिसतो. मागून चार-पाच इंच उतरवायची असेल तर चेसिसला सी-नॉच (अ‍ॅक्सलला वर यायला जागा देणारी C आकाराची खाच) लागेल. शेवटी चाकांची अलाइनमेंट कराच.