रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस आणि मापाची वही

मी समुपदेशन करते, आणि एक प्रश्न माझ्याकडे वर्षभर येत असतो, शब्द फक्त वेगवेगळे. "मॅडम, छातीत काहीतरी बदल झालाय, डॉक्टरपण नक्की काय ते सांगत नाहीयेत, बायोप्सी केलीये, रिपोर्टला आठ दिवस लागणारेत, तोपर्यंत मी काय करू, माझं डोकं फुटेल." यावर दोन ओळीत उत्तर देता येत नाही म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय ४३, नाशिकजवळच्या एका गावात ब्लाउज शिवायचं काम, दोन मुलं. डाव्या छातीची कातडी एका बाजूला जाड आणि लालसर झालेली, निप्पल आत ओढल्यासारखं, दुखायचं पण थोडं. हाताला गाठ अशी नीट लागत नव्हती, नुसतं कडक लागायचं. आधी फॅमिली डॉक्टरांनी इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक दिलं, दहा दिवसात फरक पडला नाही म्हणून सर्जनकडे पाठवलं, मग मॅमोग्राम, सोनोग्राफी आणि नेमकं हरतालिकेच्या दिवशी बायोप्सी, म्हणजे सुईने आतला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवणं. दुसऱ्या दिवशी गणपती, म्हणजे लॅब बंद, मधे रविवार, पुढे गौरी. रिपोर्ट "पाच ते सात वर्किंग डेज".

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. बसल्या बसल्या पहिलं वाक्य, "मॅडम, माझी चौथी स्टेज आहे." मी म्हटलं रिपोर्ट आला का? तर नाही, पर्समधून सोनोग्राफीचा कागद काढला, घडीवर घडी घालून मऊ पडलेला, आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. बायरॅड्स ४बी. हा ४ त्यांनी स्टेज चार म्हणून वाचला होता आणि दोन दिवस दोन रात्री एकट्याने तो उरावर घेऊन फिरत होत्या, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता कळकळून सांगते, बायरॅड्सचा आकडा म्हणजे स्टेज नाही. फोटोत दिसतंय ते किती संशयास्पद वाटतं याचा तो आकडा, ० ते ६ असा. ४ म्हणजे "सुईने तुकडा काढून बघितलंच पाहिजे". त्यातही ए, बी, सी आहेत आणि ४बी मध्ये कॅन्सर निघण्याची शक्यता १० ते ५० टक्क्यांच्या मधे कुठेतरी धरतात. स्टेज हा शब्द कॅन्सर आहे हे ठरल्यानंतरचा, आणि त्यांचं तर अजून काहीच ठरलेलं नव्हतं. हे सांगितलं, आणि तुमच्या सर्जनना पण उद्या फोन करून विचारा म्हटलं, कारण मी डॉक्टर नाही. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग खूप रडल्या.

इथे माझ्याकडून चूक झाली. त्यांना धीर द्यायच्या भरात मी बोलून गेले, "बहुतेक काही नसेल हो." त्यांनी डोळे पुसले आणि एकदम परक्यासारख्या म्हणाल्या, "सगळे हेच म्हणतात." त्यांची मावशी याच आजाराने गेलेली, तिलाही सगळे हेच म्हणत होते. मला तिथल्या तिथे कळलं की मी त्यांचं बोलणंच बंद केलं. मी माफी मागितली, म्हटलं मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही, आणि हे माहीत नसणंच आत्ता तुम्हाला खातंय, त्याच्याबद्दल बोलू.

घरचे म्हणतात अजून काही निघालं नाही तर एवढं टेन्शन कशाला. पण न कळणं हे शरीराला खरंच जड जातं. २००९ मध्ये 'रेडिऑलॉजी' नावाच्या जर्नलमध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, बायोप्सी झालेल्या बायकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल म्हणजे ताणाचं हार्मोन त्यात मोजलेलं. पाचव्या दिवशीही ज्यांना निकाल कळला नव्हता त्यांच्या कॉर्टिसोलचं चित्र कॅन्सर निघालेल्या बायकांसारखंच बिघडलेलं होतं. त्यामुळे "मी उगाच बाऊ करतेय का" असं कोणी विचारलं की मी सांगते नाही, अजिबात नाही.

मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. दिवसातून वीस-पंचवीस वेळा बाथरूममध्ये जाऊन आरशात बघायच्या, दाबून बघायच्या. बायोप्सीच्या जागी निळं-काळं पडलेलं, ते त्यांना पसरत चाललेला कॅन्सर वाटलं कारण शेजारणीने सांगितलं होतं सुई लावली की पसरतं. अहो सुईने आत थोडं रक्त साकळतं आणि चामडी निळी पडते, आठ-पंधरा दिवसात पिवळी होत जाते. ताप आला, सूज वाढत गेली, पू किंवा रक्त थांबेना तर लगेच डॉक्टर, बाकी हे अपेक्षितच. आणि बायोप्सीने कॅन्सर पसरतो या भीतीपायी तपासणी टाळणाऱ्या बायका मी बघितल्यात, त्यांचं नुकसान सुईने नाही, टाळण्याने झालं.

सगळ्यात खोल रुतलेलं मात्र वेगळंच होतं. बायोप्सीच्या टेबलावर, जागा बधिर केलेली होती तरी स्टेपलरसारखा खटका वाजला तसं त्यांना गरगरलं, सिस्टरनी चहा-बिस्कीट दिलं आणि त्यांनी ते खाल्लं. हरतालिकेचा निर्जळी उपास. २१ वर्षांत पहिल्यांदा मोडला. रात्री मनात आलं, आता रिपोर्ट वाईटच येणार. मग त्याला जोडून बाकीचं, धाकट्याला सहाच महिने पाजलं म्हणून असेल, घट्ट ब्रा घालते म्हणून असेल. मी त्यांना एवढंच विचारलं की उपास मोडला तेव्हा तो तुकडा सुईतून बाहेर आलेला होता ना? त्यात जे काय आहे ते चहाच्या आधीपासूनच आहे ना? "हो, डबीत टाकलेला होता." स्वतःला दोष लावला की निदान कारण तरी सापडल्यासारखं वाटतं, म्हणून मन ते करतं, पण घट्ट ब्राने किंवा मोडलेल्या उपासाने कोणाला कॅन्सर होत नाही.

मग मी लॅबमध्ये काय चालतं ते सांगितलं, कारण रिपोर्टला वेळ लागतोय म्हणजे काहीतरी लपवतायत अशी शंका जवळपास प्रत्येकीला येते. तुकडे आधी फॉर्मालिनमध्ये काही तास मुरावे लागतात, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे केसापेक्षा पातळ काप काढतात, रंगवतात आणि मग पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघतात. घाई केली तर काप बिघडतो. त्या पटकन म्हणाल्या, "म्हणजे अस्तर भिजवून वाळवल्याशिवाय कापत नाही तसं. नाहीतर पहिल्या धुण्यातच ब्लाउज आटतो." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज त्यांच्या कामातला आला.

कामाचंच पुढे निघालं. गौरीसाठी अकरा ब्लाउज द्यायचे होते आणि त्यांना टेप हातात धरवेना. त्यांनी मला मापाची वही दाखवली, लांब उभी वही, प्रत्येक पानावर नाव, खाली उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही. दिवसभर दुसऱ्यांच्या छातीला टेप लावायची आणि आकडा लिहायचा, आणि प्रत्येक वेळी मनात यायचं हिची बरोबर आहे, माझीच नाही. शेवटच्या पानावर छातीसमोर आकडाच नव्हता, नुसती रेघ. मी एरवी म्हणते की टाळू नका, टाळलं की भीती वाढते, पण इथे आठ दिवसांचा प्रश्न होता. ठरलं असं की तेवढे दिवस नवीन माप घ्यायचं नाही, गिऱ्हाइकाला सांगायचं मापाचा जुना ब्लाउज आणून द्या, शिवण मात्र चालू ठेवायची. मशीन बंद पडली असती तर दिवस अजून मोठा झाला असता.

दुसरं ठरलं ते काळजीची वेळ. काळजी करू नका हे सांगून काही होत नाही, म्हणून काळजीला जागा द्यायची. दुपारी साडेचारला चहा झाल्यावर वीस मिनिटं, मशीनवर झाकण घालून, त्याच वहीच्या मागच्या पानावर जे मनात येईल ते लिहायचं, वाईटात वाईट सुद्धा. दिवसभरात विचार आला की एक शब्द चिठ्ठीवर लिहून बॉबिनच्या डबीत टाकायचा, साडेचारला डबी उघडायची. विचार जात नाहीत याने, पण त्यांना वेळ कळते. छाती बघायची ती फक्त आंघोळीच्या वेळी एकदा, जखम ठीक आहे ना एवढंच, आणि सारखं दाबल्याने दुखरी जागा अजून दुखते हेही त्यांना पटलं. रात्री मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. आणि खूपच घाबरं झालं, श्वास लागला, जगणं नको वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, तो मी सगळ्यांना लिहून देते.

दोन दिवसांनी नवरा पण आला. घरात तो "काही होत नाही तुला" एवढंच म्हणायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा, ताईंना वाटायचं याला पर्वाच नाही. पण आदल्या रात्री त्यांनी त्याला कपाटातून रेशनकार्ड काढताना पाहिलं होतं. महात्मा फुले योजनेत काय काय बसतं हे तो गुपचूप विचारून आला होता, झेरॉक्स शर्टाच्या खिशात. माझ्यासमोर त्याने ती काढली आणि त्याला पुढे बोलता येईना. दोघंही एकमेकांना वाचवायला गप्प होते.

सासूबाईंना सांगायचं नव्हतं त्यांना. पण डॉक्टरांनी काही दिवस जड उचलू नका, हाताला जोर देऊ नका म्हटलेलं आणि गौरीचं पुरण वाटायचं होतं. शेवटी स्वयंपाकघरातच सांगून टाकलं. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, त्यांच्या हातातून पुरणयंत्र घेतलं आणि स्वतः फिरवत बसल्या.

गौरी विसर्जनानंतर लॅबमधून फोन आला की अजून काही टेस्ट लावल्यात, तीन-चार दिवस लागतील. त्यांचा मला संध्याकाळी फोन, "म्हणजे नक्की आहे ना?" नाही, जादा टेस्ट म्हणजे कॅन्सरच असं नसतं, टीबी आहे का, बुरशी आहे का हे बघायला सुद्धा वेगळे रंग लावतात, आणि कॅन्सर असेल तरी तो कुठल्या प्रकारचा हे कळायला टेस्ट लागतात, दोन्हीकडून शक्यता आहे. मला माहीत नाही हे परत एकदा म्हणावं लागलं, मलाही ते म्हणायला जड गेलं.

रिपोर्टच्या दिवसाचं आम्ही आधीच ठरवलेलं. पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर ती उघडायची नाही, आधी सर्जनची त्याच दिवशीची वेळ घ्यायची, नवऱ्याने सोबत बसायचं आणि वहीतले तीन प्रश्न वाचून विचारायचे. नेमकं काय निघालं? मॅमोग्राम-सोनोग्राफीत जे दिसलं त्याच्याशी हे जुळतंय का? आता पुढे काय आणि कधी? मधला प्रश्न फार महत्त्वाचा, फोटोत संशय जास्त आणि तुकड्यात काहीच नाही असं झालं तर परत तपासावं लागू शकतं, नुसतं "निगेटिव्ह" ऐकून घरी यायचं नाही.

त्यांना निघालं ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, म्हणजे स्तनाची एक प्रकारची सूज, दिसायला अगदी कॅन्सरसारखी असू शकते. टीबीच्या टेस्ट पण निगेटिव्ह, आणि फोटोशी जुळतंय असं सर्जन म्हणाले. कॅन्सर नाही. पण लगेच सगळं छान झालं असंही नाही, हा आजार रेंगाळतो, औषधं बरेच महिने चालली, मधे एकदा परत सूज आली, ती कडा अजून थोडी जाड लागते. त्याच महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या दुसऱ्या एका ताईंचा रिपोर्ट कॅन्सरचा आला, त्यांनीही वाट बघताना हेच केलं होतं, आणि त्या म्हणाल्या, रिपोर्ट ऐकायला जाताना निदान आठ रात्री जागलेली तरी नव्हते मी, प्रश्न विचारता आले. त्यांची किमो चालू आहे.

शिवणकाम करणाऱ्या ताई दिवाळीनंतर आल्या तेव्हा वही बरोबर होती. मार्चमध्ये सोनोग्राफी परत करायला सांगितलीये, ती तारीख त्यांनी दोन गिऱ्हाइकांच्या मापांच्या मधे लिहून ठेवली होती, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात रोजच्या ओळीपुढे साडेचार, साडेचार, साडेचार. मला म्हणाल्या, "तेव्हा लग्नसराई असणारे मॅडम, चाळीस तरी ब्लाउज असतील, आत्ताच वेळ धरून ठेवलेली बरी."