संशोधन करायचे म्हणजे रुग्णांना रामराम ठोकायचा का?

प्रश्न : माझी मुलगी एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजीचा मधुमेह पाहत ती वाढली, म्हणूनही असेल, पण पुढे हॉर्मोन्स आणि चयापचय या विषयात संशोधन करायचे असे ती म्हणते. गंगापूर रोडला तिच्या दवाखान्यासाठी आम्ही गाळा घेऊन ठेवला आहे. संशोधन म्हणजे प्रॅक्टिसवर पाणी सोडणेच ना? – एक पालक, नाशिक

उत्तर : गाळा तूर्त भाड्याने द्यावा, विकण्याचे कारण नाही. या विषयातील अनेक मोठे प्रश्न प्रयोगशाळेत नव्हे, तर ओपीडीतच सुचलेले आहेत.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यापुढे येणारे मधुमेही पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत वर्णिलेल्या रुग्णांपेक्षा तरुण आणि बारीक होते. एखादा डॉक्टर औषध लिहून मोकळा झाला असता. त्यांनी मात्र त्याचे मूळ शोधण्यासाठी थेट गर्भावस्थेपर्यंत मागे जायचे ठरवले आणि 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले. बाळ जन्मले की वजनावर न थांबता त्याच्या पाठीवर, खवाट्याच्या (खांद्यामागच्या पसरट हाडाच्या) खाली, कातडीची घडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मिलिमीटरमध्ये मोजली जाई. ही बाळे सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची 3.5 किलोची, पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते, पण त्या मानाने पाठीवरची चरबी फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत असलेल्या भारतीय देहातील ही लपलेली चरबी याज्ञिक यांनी पुढे स्वतःवरच दाखवली. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. दोघांचा बी.एम.आय. (उंचीच्या मानाने वजन) 22.3 होता, चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के! (आपल्याकडे ‘बारीक आहे, त्याला कसली साखर?’ असे अजूनही सर्रास म्हटले जाते.)

त्या गावांतील मुले अठराव्या वर्षीही तपासली गेली. संशोधकाचे आयुष्य कसे जाते, याचा अंदाज यावरून यावा. उत्तर हाती येईपर्यंत बाळाचे कॉलेज सुरू होते, आणि मधल्या काळात निधीचे अर्ज, गाव सोडून गेलेली कुटुंबे आणि गोठवून जपायचे रक्ताचे नमुने हेच रोजचे काम असते. ज्याला झटपट निकाल हवा, त्याने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिक्षणाचे म्हणाल तर इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे, मग मेडिसिनमध्ये एम.डी.ची तीन आणि एंडोक्रायनॉलॉजीत, म्हणजे हॉर्मोन्सच्या शास्त्रात, डी.एम. या त्यापुढच्या पदवीची आणखी तीन. प्रवेशपरीक्षांच्या तयारीचा काळ वेगळा. डी.एम. झालेली व्यक्ती रुग्ण तपासू शकते आणि संशोधनही करू शकते. एम.बी.बी.एस.नंतर थेट पीएच.डी. करून प्रयोगशाळेत जाणारेही असतात. गाळा रिकामा राहण्याची भीती खरी ठरली, तर त्या वाटेने ठरेल. कमाई मात्र दोन्हीकडे उशिरा सुरू होते, आणि संशोधनातली मिळकत खासगी प्रॅक्टिसच्या जवळपास येत नाही, हे मुलीला आत्ताच सांगावे.

तिचा ओढा टिकतो का, हे स्वस्तात पाहता येते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या प्रकल्पाची शिष्यवृत्ती आहे. मार्गदर्शक आपल्याच कॉलेजातला लागतो. आजीच्या वीस वर्षांच्या साखरेच्या रिपोर्टांची फाईल घरी असेल, तर ती तारीखवार लावायला आजपासूनच बसता येईल.