बायोडेटातली ती ओळ खोडू नका

प्रश्न : मुलगी अमेरिकेत ओहायोमध्ये बायोलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत तिने तिथल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कोरोनर ऑफिसात, म्हणजे अचानक किंवा संशयास्पद मृत्यूंचा तपास करणाऱ्या सरकारी कचेरीत, इंटर्नशिप केली. आता म्हणते, यातच करिअर करायचं. हे आपल्याकडचं काम नाही. बायोडेटातून काढून टाक, आजीला आणि नातेवाइकांना सांगू नकोस, असं आम्ही तिला बजावलंय. उद्या स्थळं बघताना काय सांगायचं? फारच हट्ट असेल तर मुंबईत फॉरेन्सिक सायन्सची एम.एस्सी. करून इथे पोस्टमॉर्टेमची डॉक्टर होऊ दे. तिचा इंटर्नशिपचा अहवाल जोडलाय. तिला समजवा. – एक वडील, डोंबिवली

उत्तर : नमस्कार. पत्र वाचून मला मुलीपेक्षा तुमच्या घरातल्या वातावरणाची काळजी वाटली. तिथे ती नेमकं काय शिकली, याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्द नाही. स्थळांची चिंता मात्र आहे. वीस-एकवीस वर्षांची पोर सुट्टीभर रोज कुणाचा ना कुणाचा मृत्यू बघत होती, आणि घरून तिला काय मिळालं, तर कुणाला सांगू नकोस म्हणून ताकीद. तिने अहवालात लिहिलंय की तिथल्या वरिष्ठ बाई काम संपल्यावर इंटर्न मुलांना बसवून घेत आणि आज काय जड गेलं, ते विचारत. हा प्रश्न तुम्ही फोनवर एकदा तरी विचारला असतात तर बरं झालं असतं. तुम्हाला राग येईल, पण जी गोष्ट घरात बोलायचीच नाही असं ठरतं, ती मुलं एकटीच सोसत बसतात. हे काम करणाऱ्याला तर बोलायला माणूस लागतोच.

अहवालातला औषधांचा भाग तुम्ही वाचलात का? एका घरात साठीतले गृहस्थ मृत सापडले. कोरोनर ऑफिसच्या तपास अधिकाऱ्याबरोबर गेलेल्या तुमच्या मुलीला गोळ्या मोजायला सांगितलं. बाटलीच्या लेबलवर औषध दुकानातून कधी नेलं, किती गोळ्या दिल्या, रोज किती घ्यायच्या, हे सगळं असतं. त्यावरून आज किती उरायला हव्यात याचा हिशेब करायचा आणि उरलेल्या मोजायच्या. वेदनाशामकाच्या बाटलीत १८ हव्या होत्या, निघाल्या ४. तिने काय नोंदवलं? ‘१४ गोळ्यांचा फरक. कारण अज्ञात. रक्ताचा अहवाल यायचा आहे.’ बस, एवढंच. दुसरं कुणी तिथल्या तिथे आत्महत्या म्हणून मोकळं झालं असतं. मृत्यू नैसर्गिक, अपघाती, आत्महत्या, खून की अनिर्णित, या पाचांतल्या एका नोंदीवर विम्याचे पैसे, पोलिसांचा तपास आणि घरच्यांच्या मनाची शांतता अवलंबून असते. हाती पुरावा आहे तेवढंच लिहून थांबणं पुष्कळ शिकलेल्यांनाही जमत नाही. तुमच्या मुलीला जमतंय.

आता तुमचा गैरसमज, जो बऱ्याच पालकांचा असतो. फॉरेन्सिक सायन्सची एम.एस्सी. करून पोस्टमॉर्टेम करता येत नाही. ती पदवी घेतलेला माणूस कलिन्यातल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी व्हिसेरा (मृताच्या अवयवांचे नमुने), रक्त, डीएनए तपासतो. शवविच्छेदन डॉक्टरच करतो. म्हणजे इथे ‘नीट’ परीक्षा, एमबीबीएस, मग फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये एमडी. अमेरिकेत पदवीनंतर मेडिकलची चार वर्षं, पॅथॉलॉजीची तीन-चार आणि फॉरेन्सिकचं आणखी एक. कोरोनर हे तर तिथे बहुधा निवडून येणारं पद. ओहायोत तो डॉक्टर असावा लागतो, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तीही अट नाही. मुलीने जे काम जवळून पाहिलं, ते तपास अधिकाऱ्याचं. त्याला डॉक्टर असावं लागत नाही. आणि ‘आपल्याकडचं नाही’ म्हणाल, तर मुंबईत १८७१ च्या कायद्याखाली कोरोनर होताच की! १९९९ मध्ये ते पद रद्द झालं.

खरी अडचण तुमच्या पत्रात आलेलीच नाही, ती व्हिसाची. तिकडच्या सरकारी कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांना अनेकदा नागरिकत्वाची अट असते. मेडिकल कॉलेजंही परदेशी विद्यार्थ्यांना फार थोडी घेतात, आणि घेतात तिथे फीचे पैसे हाताशी असल्याचं अनेकदा आधी दाखवावं लागतं. तुमच्यावर आधीच शिक्षणाचं कर्ज असेल, तर या आकड्यांवर तिच्याशी मोकळेपणाने बोला. त्यावर वाद झाला तरी चालेल, निदान तो खऱ्या प्रश्नावर होईल.

माझं मत विचाराल तर तिने केमिस्ट्रीचे विषय वाढवावेत आणि टॉक्सिकॉलॉजीच्या (विषशास्त्राच्या) मास्टर्सचा विचार करावा. तिची नजर तिथे कामी येईल. खासगी प्रयोगशाळांतही असं काम असतं, आणि भारतात परतली तरी शिक्षण वाया जात नाही. पुढच्या सुट्टीत त्याच ऑफिसात पुन्हा घेतात का, हे तिने आत्ताच विचारावं. मात्र तारखा ठरवण्याआधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयातून परवानगीचं नक्की करावं. बायोडेटातली ती ओळ खोडू नका, सगळ्यात वर घ्यायला सांगा. आणि एका रविवारी फोन करून तिला त्या गोळ्यांबद्दल विचारा.