पोरीची पोटगी की पोरीची खावटी?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. भाऊ अमेरिकेत, घटस्फोट झालेला, मुलगी तिच्या आईकडे. भावाच्या राज्यात 'चाइल्ड सपोर्ट'ची, म्हणजे मुलाच्या खर्चासाठी द्यायच्या पैशांची, गाइडलाइन बदलली. ताईंनी घरी सांगितलं, "पोटगीचे नियम बदलले." त्यावर आई म्हणाली, "अगं, वहिनीनं तर पोटगी सोडली होती ना?" ताई विचारतात, माझा शब्द चुकला का?

चुकला नाही, पण घोटाळा त्यानंच केला. 'पोटगी' पोटावरून आलेली. शेवटचा 'गी' देणगीतला. कुणाच्या पोटाला द्यायचं, हे शब्द सांगत नाही. वापरात मात्र तो बायकोला चिकटला. परस्परसंमतीच्या घटस्फोटात 'पत्नीने पोटगीचा हक्क सोडला आहे' हे वाक्य हमखास येतं, आणि त्याबरोबर पोरांचंही सुटलं असं घरचे धरून चालतात. आपल्याकडे तसं होत नाही. मुलाचा हक्क मुलाचा; आई तो परस्पर सोडू शकत नाही.

आपल्या भागात याहून नेमका शब्द आहे, खावटी. कोर्टाच्या आवारात "पोरीला खावटी किती लागली?" असं विचारतात, म्हाताऱ्या आईबापाचीही खावटीच असते. सोसायटीचं खावटी कर्ज त्याच घरातलं: हातात पीक येईपर्यंत चूल पेटती राहावी म्हणून. जुन्या कागदांतलं 'अन्नवस्त्र' भारदस्त, 'चोळीबांगडी' फक्त बाईची. 'निर्वाह भत्ता' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं निलंबित कारकून येतो, त्याला मी काय करू!

आकड्यांनी आणखी मजा केली आहे. पिढ्यान्‌पिढ्या 'एकशेपंचवीसची केस' म्हणजे खावटी, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ वरून. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि खावटीचं कलम झालं १४४. आता "नवऱ्यावर १४४ टाकलंय" असं कुणी म्हटलं, की ऐकणारा विचारतो, "गावात जमावबंदी लागली काय?" जमावबंदी तिथून उठून १६३ वर गेली. जुन्या कलमात महिन्याला ५०० रुपयांच्या वर जाता येत नव्हतं. ती मर्यादा २००१ मध्ये गेली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दोन्ही बाजूंनी मिळकतीचं आणि देण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून धरावी. तारखांवर तारखा घालवणाऱ्या बापाला हे जड जातं, कारण थकबाकी मागून एकदम अंगावर येते.

आता 'गाइडलाइन'. कोशातलं 'मार्गदर्शक तत्त्वे' इथं चालणार नाही. ती पाळली तर पाळली असं वाटतं. अमेरिकेतली ही गोष्ट हिशेबाची आहे. बहुतेक राज्यांत आईबापांच्या कमाईची बेरीज करून तक्त्यावरून रक्कम काढतात, आणि मूल कुणाकडे किती रात्री राहतं हेही पुष्कळ ठिकाणी मोजतात. आपल्याकडे असा तक्ता नाही. दोघांची ऐपत आणि मुलाची गरज बघून न्यायाधीश ठरवतात. तिकडे प्रत्येक राज्याला दर ४ वर्षांनी हा हिशेब तपासावा लागतो. म्हणून मी 'आकारणी' म्हणेन, घरपट्टीची असते तशी. घरपट्टीची आकारणी वाढते तशी घटतेही, आणि हे ऐकणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

एक फरक मात्र आहे. घरपट्टीची नवी आकारणी आली की बिल आपोआप घरी येतं. इथं जुना आदेश सहसा तसाच चालू राहतो. तो बदलून घ्यायला दोघांपैकी कुणीतरी अर्ज करावा लागतो. तेव्हा ताई, आईला असं सांगा: "वहिनीनं सोडली ती तिची पोटगी. पोरीच्या खावटीची आकारणी बदललीय. दादानं नाहीतर वहिनीनं अर्ज केला तर रक्कम हलेल."