जुन्या व्हीएमसीवर एक्स अक्षाचा ड्राइव्ह पुन्हा गेला. आता एन्कोडरही बदलू का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: १९९७ चं जपानी व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन), फॅनक ०-एमसी कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक). एक्स अक्षावर अधूनमधून ४१४ अलार्म येतो. मागे सेकंडहँड ड्राइव्ह टाकला, काही महिने मशीन बरं चाललं, आता परत तेच. सर्व्हिसवाला म्हणतोय ड्राइव्ह (अक्षाच्या मोटरला पॉवर देणारं युनिट) आणि एन्कोडर (मोटर किती फिरली ते कंट्रोलला कळवणारा सेन्सर) दोन्ही बदला.

माझं ऐकाल तर आत्ता काहीच विकत घेऊ नका. एकाच अक्षावर दुसरा ड्राइव्ह गेला म्हणजे त्याला मारणारं काहीतरी ड्राइव्हच्या बाहेर आहे, आणि ते अजून तिथेच आहे. तिसरा ड्राइव्हही त्याच वाटेने जाईल. जुन्या मशीनवर काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वारंवार दिसतं: मोटरमध्ये पाणी, केबलला चीर, आणि बिलं मात्र ड्राइव्हची.

४१४ हा अलार्म फक्त एवढंच सांगतो की एक्सच्या डिजिटल सर्व्होमध्ये (मोटर, ड्राइव्ह आणि एन्कोडर मिळून) गडबड आहे. खरी माहिती कंट्रोलच्या डायग्नोसिस पानावर ७२० नंबरला असते (वायसाठी ७२१, झेडसाठी ७२२). तिथे आठ आकडे दिसतात, शून्य किंवा एक. डावीकडून चौथ्या जागी एक असेल तर करंट प्रमाणाबाहेर गेला: ड्राइव्ह, मोटर किंवा पॉवर केबल. सातव्या जागी असेल तर एन्कोडरचा फीडबॅक तुटतोय. तिसऱ्या जागी असेल तर मोटर जड ओढतेय, आणि तेव्हा आधी स्लाइडचं तेल, गिब (स्लाइडची ढिलाई घालवणारी पट्टी) आणि बॉलस्क्रू (टेबल सरकवणारा स्क्रू) बघायचा. पण अलार्म स्क्रीनवर असतानाच हे वाचावं लागतं. ऑपरेटरने सवयीने मेन स्विच बंद-चालू केला की पुरावा गेला. त्याला सांगून ठेवा, अलार्म आला की आधी ७२० च्या पानाचा आणि ड्राइव्हवरच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढायचा, मगच मेनला हात लावायचा. फॅनकच्या अल्फा मालिकेच्या दोन अक्षांच्या ड्राइव्ह मॉड्यूलवर ८ म्हणजे पहिल्या अक्षाचा ओव्हरकरंट, ९ म्हणजे दुसऱ्याचा.

पुढची तपासणी अर्ध्या तासाची आहे. मेन बंद करा, ड्राइव्हवरचा चार्जचा लाल दिवा विझेपर्यंत थांबा, आणि तरीही डीसी बसवर (ड्राइव्हमधल्या डीसी पुरवठ्याच्या टर्मिनलवर) मीटर लावून बघितल्याशिवाय हात घालू नका. तिथे ३०० व्होल्टच्या आसपास असतात आणि कपॅसिटर ते धरून ठेवतात. मग एक्स मोटरच्या यू, व्ही, डब्ल्यू वायर ड्राइव्हवरून सोडवा, त्यांची टोकं टेपने नीट झाका, मशीन चालू करून इमर्जन्सी सोडा. अक्ष हलवायचा नाही. मोटर जोडलेली नसतानाही लगेच ओव्हरकरंट आला तर ड्राइव्ह खराब. नाही आला तर संशय मोटरवर आणि केबलवर. झेडवर हा प्रयोग करायचा असेल तर हेडखाली आधी लाकडाचा ठोकळा द्या. ब्रेकवर भरवसा ठेवू नका.

त्यानंतर मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर. वायर ड्राइव्हपासून सुटलेल्या असतानाच ५०० व्होल्टचा मेगर मोटरच्या वायंडिंगवर आणि बॉडीवर लावा. ड्राइव्हवर नाही, आणि एन्कोडरच्या पिनांवर तर अजिबात नाही. १०० मेगोहमच्या वर असेल तर मोटर चांगली. १० ते १०० मध्ये असेल तर इन्सुलेशन उतरणीला लागलंय, एकाच्या खाली असेल तर मोटर काढाच. आता केबलसह घेतलेलं रीडिंग आणि मोटरच्या कनेक्टरवर, केबल सोडवून घेतलेलं रीडिंग वेगवेगळं लिहून ठेवा. दोन्हींत फरक पडला तर दोष केबलचा, आणि माझ्या मते ही मोजणी नव्या ड्राइव्हच्या किमतीची आहे.

तुम्ही लिहिलंय की अलार्म बहुतेक सकाळी पहिल्या पाळीला येतो आणि पावसाळ्यात जास्त. मला यातच उत्तर दिसतं. व्हीएमसीवर एक्सची मोटर टेबलाच्या टोकाला, कूलंटच्या अगदी शेजारी असते. केबल वरून खाली कनेक्टरमध्ये उतरत असेल तर कूलंट तिच्या अंगावरून घरंगळत थेट आत जातं. सुट्टीच्या दिवशी मशीन थंड पडतं, ओल बसते, सकाळी ट्रिप होतं आणि मोटर तापली की दिवसभर शांत. पुण्याजवळ भोसरीत एका वर्कशॉपमध्ये असाच अक्ष होता. कनेक्टर उघडला तर आत पांढरट, दुधाळ थर आणि दोन पिनांच्या मध्ये हिरवा गंज. कनेक्टर, सील आणि केबल बदलली, केबलला खाली वळसा देऊन मग वर नेली, म्हणजे थेंब वळशाच्या तळाशी गळून पडतो. ड्राइव्ह जुनाच राहिला.

एन्कोडर बघायचा असेल तर मोटरच्या मागची लाल टोपी काढा. ओ-रिंग कडक होऊन चपटी झालेली दिसली, आत तेलाचा किंवा कूलंटचा ओलावा दिसला, तर एन्कोडर बदलण्यात अर्थ आहे. कोरडा आणि स्वच्छ असेल तर आधी फीडबॅकची केबल तपासा, विशेषतः ड्रॅग चेनमध्ये (केबल धरून अक्षाबरोबर हलणाऱ्या साखळीत) जिथे ती रोज वाकते तिथे. एन्कोडरच्या टोकाला पाच व्होल्ट पूर्ण पोचतात का, तेही मोजा. वायची मोटर त्याच प्रकारची असेल तर दोघांचे एन्कोडर अदलाबदल करून बघा. अलार्म एन्कोडरबरोबर वायवर गेला तर खात्री पटली.

काढण्याआधी एन्कोडर, कपलिंग आणि मोटरची बॉडी यांवर सरळ रेघ मारून घ्या. एन्कोडर रोटरची जागाही सांगतो, त्यामुळे तो कपलिंगवर चुकीच्या कोनात बसला तर मोटर ताकद देत नाही, थरथरते किंवा भलत्याच दिशेला पळते. नवा घेताना लेबल जुळवा. ए६४ आणि आय६४ दोन्ही एका फेऱ्याला ६५,५३६ पल्स देतात, पण पहिला अ‍ॅब्सोल्यूट आहे (मशीन बंद केलं तरी जागा लक्षात ठेवणारा), दुसरा नाही.

एन्कोडर हलला की होम, म्हणजे अक्षाची मूळ संदर्भ जागा, सरकतं. दहा पिचच्या (एका फेऱ्याला १० मिमी) स्क्रूवर मोटर थेट जोडलेली असेल तर हा फरक काही मिलिमीटरचा असू शकतो, म्हणजे तुमचे सगळे जी५४ (जॉबच्या शून्याच्या नोंदी) चुकले. म्हणून मशीन चालतंय तोवरच फिक्स्चरच्या एखाद्या पक्क्या बोअरला डायल लावून त्याचा एक्स लिहून ठेवा. नंतर तोच बोअर परत सेंटर करा आणि जो फरक येईल तो ग्रिड शिफ्टमध्ये (होमची जागा सरकवणाऱ्या पॅरामीटरमध्ये) टाका. ०-एमसीवर एक्ससाठी पॅरामीटर ५०८, वायला ५०९, झेडला ५१०. झेडचं होम हललं असेल तर ते दुरुस्त होईपर्यंत टूल चेंज करू नका.

आणि या सगळ्याच्या आधी पॅरामीटरचा (कंट्रोलमधल्या मशीनच्या सेटिंगचा) बॅकअप. आरएस-२३२ केबलने घ्या, शिवाय प्रत्येक पानाचा फोटो काढा, ९०० च्या पुढचे तर नक्कीच, कारण मशीनचे ऑप्शन त्यांत आहेत. मेमरीचे तीन मोठे सेल कंट्रोल चालू ठेवूनच बदला.

कोणी दुसऱ्या कंपनीचा स्वस्त ड्राइव्ह सुचवला तर नको म्हणा. ०-सी मालिकेत करंटचं लूप कंट्रोलमधल्या अ‍ॅक्सिस कार्डवर चालतं, ड्राइव्ह फक्त तिथून येणाऱ्या पल्सवर मोटरला पॉवर देतो. ज्या जुन्या मशीनवर कंट्रोल दहा व्होल्टची अ‍ॅनालॉग कमांड देतं, उदाहरणार्थ सीमेन्सचं सायन्युमेरिक ८०२सी, तिथे दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह आणि मोटर जोडीने बसवता येतात. तुमच्याकडे तो मार्ग नाही. ड्राइव्ह खरंच खराब निघाला तर चांगल्या माणसाकडे रिपेअर करून घ्या. पंखा आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायला सांगा, आणि मोटर जोडून लोडवर चालवून दाखवल्याशिवाय ताब्यात घेऊ नका.

पॅनेलचं दार उघडं ठेवून समोर स्टँड फॅन लावलाय, असंही तुम्ही लिहिलंय. तो आजच काढा. बिडाचं काम करता ना? ती काळी धूळ वीजवाहक असते आणि फॅन ती थेट ड्राइव्हच्या कार्डवर नेऊन बसवतो. हीटसिंक साफ करा, पॅनेलचा पंखा आणि फिल्टर नवे टाका, दाराचं रबर बदला.

पूर्ण रेट्रोफिटचा, म्हणजे कंट्रोल, ड्राइव्ह, मोटर सगळं नवं बसवण्याचा, विचार एवढ्यात नको. स्पिंडल आणि स्लाइड चांगल्या असतील तर हे कंट्रोल अजून काम देईल. ७२० चे आठ आकडे आणि मेगरची दोन्ही रीडिंग इथे टाका, काय मागवायचं ते त्यावरून सांगतो.